गिरजामायचं सरकारी दार

जंगल खात्यात नोकरी केली असं सांगितलं, की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला. "वाघ पाहिला का हो?" पाहिला. त्यानंही मला पाहिलं, आणि आम्ही दोघं आपापल्या कामाला निघून गेलो. वाघाबद्दल माझी काही तक्रार नाही. मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, येतो म्हणून त्यानं कधी निरोप धाडला नाही, आणि आल्यावर गावरान कोंबडी मागितली नाही. माझ्या नोकरीतला खरा ताप म्हणजे एक पडकं घर. वाघाच्या गोष्टी या अंकात दुसरं कोणीतरी सांगेलच, मी त्या घराची सांगतो.

आमच्या आदिलाबादकडं फॉरेस्ट गार्डला नाकेदार म्हणतात. निजामाच्या वेळचं नाव, आंध्र प्रदेश झाला तरी गेलं नाही. नाकेदाराचं काम काय? सागाच्या झाडांवर नंबर घालायचे, वणवा पसरू नये म्हणून उन्हाळ्याआधी गवताचे पट्टे साफ करायचे, आणि लाकूड भरलेली बैलगाडी दिसली की परवाना विचारायचा. परवान्याशिवाय सागाची एक फळीसुद्धा जंगलाबाहेर जाऊ द्यायची नाही, हा आमचा पहिला धडा. तो वाचकांनीही ध्यानात ठेवावा, पुढं लागणार आहे. माझ्या बापानं जैनथकडं जन्मभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचला. मी खाकी घालून घरी गेलो तेव्हा त्यानं विहारात पेढे वाटले आणि सगळ्यांना सांगितलं, "आता पोरगा जंगलाचा मालक झाला." जंगलाचा मालक पहिल्या दिवशी रेंजर साहेबांच्या म्हशीला चारा कापून आला, हे मी त्याला सांगितलं नाही.

माझी बीट, म्हणजे राखायला दिलेला जंगलाचा तुकडा, बाजारहत्नूरकडच्या डोंगरात होती. तिथं नदीच्या काठी, उंचवट्यावर, एक मोडका बंगला होता. निजामानं जंगल सांभाळायला एक इंग्रज साहेब नोकरीला ठेवला होता, त्यानं तो बांधलेला. गाववाले त्याला 'गोऱ्याचा बंगला' म्हणायचे. गोरा गेला, मागोमाग निजामही गेला, मग छप्पर गेलं. उरल्या चार भिंती, त्यांच्यातून उगवलेला वड, आणि तो सगळा ऐवज राखायला मी.

तरी तिथं माणसं यायची बरं का! गुप्तधनवाले यायचे लिंबू-नारळ घेऊन. एकदा त्यांनी अर्धा दिवस खणलं आणि साहेबाच्या मोरीचा पाइप काढला. प्रेमिकांची जोडपी यायची आणि कोळशानं भिंतीवर नावं लिहून जायची. पुढं लग्न दुसरीकडं झालं की त्यातला मुलगा एकटा येऊन ते नाव पुसायचा. भैंशाचा एक जिनिंगवाला शेठ बायकापोरांसकट डबे घेऊन आला होता. भिंतींभोवती एक चक्कर मारून मला विचारतो, "इसमें रहता कौन?"

"कोई नहीं, शेठ."

"किराया कितना आता?"

"कुछ नहीं आता."

"तो फिर रखे कायकू?"

या प्रश्नाचं उत्तर मला अख्ख्या नोकरीत सापडलं नाही. खात्यात वरपर्यंत कोणालाही विचारा, त्यांनाही सापडलेलं नाही.

आता खरं सांगायचं, तर बंगला तिथं नव्हताच. तो गावात होता. टेकडीखाली वीसेक घरांची वस्ती, आणि प्रत्येक घरात बंगल्याचा एकेक तुकडा. साहेबाची आंघोळीची मोठी लोखंडी नांद तुळशीरामच्या गोठ्यात, तिच्यात त्याच्या म्हशी पाणी प्यायच्या. खिडक्यांचे गज कोणाच्या कणगीला, फरशा कोणाच्या चुलीपुढं. आणि बंगल्याचं मोठं दार होतं गिरजामायच्या घराला. अस्सल जुना साग, हाताएवढी जाड कडी.

गिरजामाय म्हणजे बंगल्याच्या चौकीदाराची सून. माणूस वारलेला, पोरगी लग्न होऊन पैनगंगेच्या पल्याड गेलेली. म्हातारी एकटी, चार शेळ्या आणि एक तिखट जीभ, एवढा तिचा संसार. दार तिच्याकडं कसं आलं ते ती स्वतःच सांगायची. "माहा सासरा लय इमानी मानूस. छप्पर गेलं तरी बंगल्यावर बसे, खिडक्या गेल्या तरी बसे. शेवटी येक दारच राह्यलं. मंग त्यो म्हने, येका दारापायी मी पावसात काऊन भिजू? दारच घरी नेतो, घरी बसून राखतो." आणि राखलं म्हाताऱ्यानं! घर ठेंगणं, दार उंच, म्हणून खालून हातभर कापलं, तेवढंच. सरकारी मालमत्तेची याहून चांगली राखण मी तरी पाहिली नाही.

त्या दाराची गरजही तशीच होती. त्या वस्तीत बिबट रोज संध्याकाळी नळावर यावं तसा यायचा. बाकीच्यांच्या घराला कुडाचं दार, दोन कुत्री आणि चार माणसं. गिरजामायला माणूस नाही, कुत्रं नाही. संध्याकाळी शेळ्या आत घ्यायच्या, कडी लावायची, की म्हातारी निवांत. "माह्या दारावर बिबट्यानं नखं घासून घासून त्याचीच बोथट झाली," असं ती सांगायची. दारावर ओरखडे होते खरे.

असं सगळं सुखानं चाललं होतं, आणि हैदराबादहून स्कीम आली.

स्कीम कसली, तर समुद्रकाठच्या वन-उद्यानांत जे इंग्रजकालीन अवशेष आहेत ते पर्यटकांना दाखवण्याची. आंध्रला लांबलचक समुद्र, पण आदिलाबादच्या वाट्याला त्यातला थेंब नाही. तरी समुद्राकाठच्या जिल्ह्यांत वाटून जे पैसे उरले ते आमच्याकडं आले, आणि कागद बदलायचा कंटाळा म्हणून आम्ही समुद्रकाठचे झालो. ट्रकातून पाट्या आल्या, तेलुगू आणि इंग्रजीत: 'खोल समुद्रात पोहू नये.' बुडणाऱ्याकडं फेकायची दोन लाल रबरी चाकंही आली. आमची नदी उन्हाळ्यात अशी, की तिच्यात बुडायचं तर आधी खड्डा खणावा लागेल. रेंजर साहेब, बिचारे गोदावरीच्या पलीकडचे तेलुगू माणूस, आमच्याशी दख्खनी हिंदीत बोलायचे. मी विचारलं, "साहेब, समुंदर किधर दिखाना?" तर म्हणाले, "तुम पाटी गाड दो जी. समुंदर का काम समुंदरवाले डिपार्टमेंट का है."

एवढ्यावर भागलं असतं. पण मागोमाग बातमी आली, की त्या गोऱ्या साहेबाची नात इंग्लंडहून येतेय, आजोबाचा बंगला पाहायला. तिच्यासोबत हैदराबादचे मोठे साहेब. झालं! मोठ्या साहेबांचा हुकूम सुटला: बंगल्याच्या मूळ वस्तू जिथं असतील तिथून गोळा करा आणि जागच्या जागी लावा.

आम्ही वस्तीत शिरलो. तुळशीरामची नांद उचलली. तो म्हणाला, "साहेब, मडम इथं येऊन आंघोळ करनार हाये का?" रेंजर साहेबांनी त्याला गप्प बसवलं, पण प्रश्न रास्त होता. गज काढले, फरशा उपटल्या. कोणी फार कुरकुर केली नाही. सरकार वस्तू नेतं आणि पुन्हा विसरतं, मग रात्री जाऊन परत आणता येतात, हा लोकांचा अनुभव. मग आम्ही गिरजामायच्या दारात उभे राहिलो. म्हणजे दारापुढं.

"माय, दार न्यावं लागते," मी म्हणालो.

"काऊन? तुह्या घरी लगन हाये का?"

"सरकारी हुकूम हाये. बंगल्यावर लावाचं हाये. पाहुणी येऊन राह्यली."

"पाहुनीले दाखवाले दार? बाप्पा! मंग तिले इथं आन. च्या पाजतो, दार दाखवतो."

"तसं नाही चालत, माय. दोन दिवसाचा प्रश्न हाये. पाहुणी गेली का मी सोता आनून लावून देतो."

म्हातारीनं खाली पाहिलं. शेळ्या तिच्या पायाशी घुटमळत होत्या. मग म्हणाली, "आन दोन दिवस बिबट्याले काय सांगू? सरकारी हुकूम हाये म्हनून सांगू?"

रेंजर साहेब घड्याळ बघत होते. आम्ही दार उतरवलं, दाराच्या जागी कुडाचा एक तट्ट्या बांधून दिला आणि निघालो. ती मागून ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. गिरजामायनं शिव्या दिल्या नाहीत म्हणजे काय, ते वस्तीतल्या कोणालाही विचारा. मला मोठी लाज वाटली.

बंगल्यावर नवी पंचाईत. चौकट उंच आणि दार हातभर ठेंगणं! खालून कुत्रं आरामात आत जाईल. सुतार म्हणाला, खाली फळी जोडू. रेंजर साहेब म्हणाले, "नक्को जी, ओरिजिनल दिखना." मग आमच्या खात्याला शोभेल अशी युक्ती निघाली: दार लहान असेल तर उंबरठा उंच करा. सिमेंट कालवून हातभर उंच चबुतरा बांधला. आता आत जायचं तर आधी पाय उचलून वर चढायचं, आणि चढलं की लगेच डोकं वाकवायचं, कारण वडाची एक मुळी चौकटीवर आडवी आलेली. तिला हात लावायला परवानगी नव्हती. सगळ्या भिंतींना चुना मारला, खालून गेरूचा पट्टा ओढला. शंभर वर्षांचा अवशेष मंडल ऑफिसासारखा दिसायला लागला. रेंजर साहेब लांब जाऊन बघून आले आणि म्हणाले, "अब हिस्टॉरिकल दिखता."

दौऱ्याच्या दिवशी सकाळीच तुळशीराम धावत आला. बिबट्यानं कुडाचा तट्ट्या फाडून गिरजामायची एक शेळी नेली होती. "आन बुढी?" मी विचारलं.

"बुढी बंगल्यावर गेली. सामान घेऊन."

आम्ही धावलो. दार आतून बंद. भिंतीवरून चुलीचा धूर वर येत होता. आत उरलेल्या तीन शेळ्या ओरडत होत्या.

"माय, दार उघड!"

"नाही उघडत."

"अवो, मोठे साहेब येऊन राह्यले!"

"येऊ दे. तुमी दार इकडं आनलं, मी दारासंगं आली. जिथं दार तिथं माहं घर."

रेंजर साहेबांना घाम फुटला. "ये क्या जी! मेरा प्रमोशन जाता जी!" त्यांनी दाराला खांदा लावला. सागाचं दार, बिबट्याचं ऐकलं नाही ते रेंजरचं काय ऐकणार? तेवढ्यात खालून गाड्यांचा आवाज आला.

मोठे साहेब उतरले, बूट चकाचक. पाहुणी उतरली. साठीची बाई, साधे सुती कपडे, उन्हानं लाल झालेली. तिच्याबरोबर हैदराबादचा एक दुभाषा होता, त्याला इंग्रजी आणि तेलुगू येत होतं, पण गिरजामायची भाषा येत नव्हती. म्हणून ते काम माझ्यावर आलं: गिरजामाय मला, मी रेंजरला हिंदीतून, रेंजर दुभाष्याला तेलुगूतून, दुभाषा मडमेला इंग्रजीतून. एक वाक्य इंग्लंडला पोचेपर्यंत शेळीचं दूध काढून व्हायचं. आणि याच वेळी तुळशीरामच्या म्हशी टेकडी चढून वर आल्या. त्यांची पाण्याची वेळ झाली होती, आणि नांद कुठं नेली हे त्यांना वासावरून कळलं असावं. मोठे साहेब 'ही साहेबांची ऐतिहासिक स्नानाची वस्तू' असं सांगत असतानाच चार म्हशींनी तिच्यात तोंडं घातली.

पाहुणी हसली. मग ती दाराशी गेली आणि कोणी काही सांगायच्या आत तिनं बोटांनी टकटक केलं.

आतून आवाज आला, "कोन हाये?"

आम्ही भाषांतराची साखळी चालू केली. उत्तर उलट पोचलं: "माझ्या आजोबांचं हे घर होतं. मी बघू शकते का?"

मग गिरजामाय म्हणाली, "घर तुह्या आज्याचं असन, बाई. दार माह्या सासऱ्यानं राखलं. सारवून ठेवलं हाये, चपला बाहेर काढून या."

कडी वाजली. मडमेनं वाकून बूट काढले. मोठ्या साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, आणि काढले बिचाऱ्यांनीही. मोज्याला भोक होतं. ती चढली, वाकली, आत गेली. साहेब चढले, वाकायचं विसरले, आणि वडाच्या मुळीला कपाळ आपटलं. त्या आवाजानं मला जे समाधान झालं ते मी लपवणार नाही.

आत म्हातारीनं खरंच सारवलं होतं. साहेबाच्या दिवाणखान्यात तीन दगडांची चूल, बाजूला शेळ्या. मडमेला तिनं समुद्राच्या लाल रबरी चाकावर बसवलं, त्याचा शेवटी तेवढा उपयोग झाला. शेळीच्या दुधाचा चहा दिला. दोघी एकमेकींकडं बघत बसल्या. आमच्या साखळीची त्यांना फार गरज पडली नाही. मडमेनं दारावरून हात फिरवला, ओरखड्यांवर थांबली. गिरजामायनं हाताचे पंजे करून बिबट्या दाखवला, मग एक बोट वर करून शेळीकडं आणि बाहेर जंगलाकडं खूण केली. मडमेला कळलं, तिचे डोळे भरून आले.

जाताना तिनं विचारलं, "तुम्हाला काय हवं?"

"माहं दार," गिरजामाय म्हणाली.

मडमेनं मोठ्या साहेबांना तिथंच सांगितलं, दार या बाईंना परत द्या. साहेब कपाळावर रुमाल धरून म्हणाले, "नक्की, मॅडम." गाड्या गेल्या.

तुम्हाला वाटलं असेल, गोष्ट संपली. नाही हो. दार आता 'वारसा वस्तू' झालं होतं, सरकारी रजिस्टरात चढलं होतं. चढवायची तरतूद आहे, उतरवायची नाही. वरून उत्तर आलं, की प्रस्ताव विचाराधीन आहे. नांद आणि गज एव्हाना रात्रीतून आपापल्या घरी गेले होते, त्याची कोणाला दखल नाही. पण दाराचं नाव साहेबांच्या तोंडी झालं होतं, ते गुपचूप हलवलं तर अंगाशी आलं असतं. म्हातारी बिनछपराच्या बंगल्यात प्लास्टिक ताणून राहिली. आभाळ भरून यायला लागलं. मी दोन दिवसांचं वचन दिलं होतं. मला अन्न गोड लागेना.

मग मी पंचनामा लिहिला: सदर दार उधईनं खाल्लं, फक्त लोखंडी कडी शिल्लक आहे. सागाला उधई, म्हणजे वाळवी! जंगल खात्यात शाळकरी पोरालाही माहीत, की जुन्या सागाच्या वाटेला उधई जात नाही. रेंजर साहेबांनी वाचलं, चष्मा काढला. "टेकु को चेदलु खाती क्या जी?" टेकु म्हणजे साग, चेदलु म्हणजे उधई.

"सरकारी टेकु को खाती, साहेब."

ते पोट धरून हसले आणि सही केली. त्यांच्या वरच्यानं केली, त्याच्याही वरच्यानं. सगळे जंगलाचे शिकलेले साहेब. एकानंही विचारलं नाही. उलट उधईचं औषध फवारा असा हुकूम आला. दार बैलगाडीतून गिरजामायच्या घरी गेलं. मी स्वतः लावून दिलं. ती म्हणाली, "नाकेदार, उशिरा आला, पन आला." तिच्या तोंडून एवढं म्हणजे मोठं सर्टिफिकेट.

पुढं बरीच वर्षं गेली. वाघासाठी जंगल मोकळं करायचं ठरलं, आणि वस्ती सडकेच्या कडेला हलवायची ठरली. सिमेंटच्या खोल्या, पत्र्याची दारं. लोक बैलगाड्या भरून निघाले. गिरजामायनं सगळ्यांत आधी दार उतरवायला सांगितलं. आणि नाक्यावर अडलं. सागाचं दार, जंगलाबाहेर न्यायला परवाना पाहिजे. परवाना द्यायला कागद बघितले, तर कागदावर ते दार उधईनं केव्हाच खाल्लेलं! नसलेल्या दाराचा परवाना कोण देणार? नवे रेंजर कायद्याचे पक्के. मी दुसऱ्या बीटवरून धावत गेलो, हातापाया पडलो. ते म्हणाले, "पंचनामा तुमचाच आहे ना?"

माझाच होता. माझं खोटं इतकं पक्कं निघालं, की मलाच ते मोडता येईना.

पण त्याच पंचनाम्यात 'कडी शिल्लक' असं लिहिलं होतं. त्यामुळं कडीचा परवाना मिळाला. शिक्क्यासकट. म्हातारीनं कडी काढून ओच्यात बांधली आणि दार मागं फिरवून जुन्या चौकटीला परत लावायला लावलं. "बिनदाराचं घर टाकून जाऊ नये," म्हणाली. सडकेवरच्या खोलीत तिनं ती कडी पत्र्याच्या दाराला लावून घेतली. मी गेलो की म्हणायची, "हे दार लय वाजते रे. वारा आला तरी वाटते, कोनी आलं." दोन पावसाळ्यांनी ती गेली. त्या पत्र्याच्या दारातूनच तिला बाहेर काढलं. मी खांदा दिला.

आता तेलंगणा झालं आहे आणि मी निवृत्त आहे. मागच्या हिवाळ्यात तिकीट काढून, जीपमध्ये बसून, माझंच जंगल पाहायला गेलो. गोऱ्याचा बंगला वडानं पुरता गिळला आहे, तिकडं जीप थांबलीही नाही. ती थांबली वस्तीच्या जागी. सगळी घरं मातीत मिळालेली, एकच उभं, कारण त्याला दार होतं. पोरगेला गाइड छान बोलत होता. म्हणाला, "हे इंग्रज साहेबाच्या खानसाम्याचं घर. दार बघा, ब्रिटिश काळातलं अस्सल. हे ओरखडे तलवारीचे आहेत. कडी मात्र कोणीतरी चोरून नेली. आपल्या लोकांना जुन्या वस्तूंची किंमत नाही."

लोक फोटो काढत होते. माझं डोकं सणकलं, पण त्या पोराचा काय दोष? त्याला जे कागद दिले त्यावरून तो बोलत होता, आणि आमचे कागद कसे असतात ते माझ्याएवढं कोणाला माहीत? मी जीपमधून उतरलो, चपला काढल्या आणि दार वाजवलं.

"सर," गाइड हसून म्हणाला, "आत कोणी राहत नाही."

"माहीत आहे बाबा," मी म्हणालो. "पण या घरात विचारल्याशिवाय जायची पद्धत नाही."